दुसरी प्रत

पूर्वी गावोगावी एक वैद्य असे, आणि त्याच्या ओट्यावर सकाळपासून माणसे बसलेली असत. कोणाला पडसे झालेले असे, कोणाचे पोट दुखत असे, आणि पुष्कळांना काहीच झालेले नसे. ती नुसती गप्पांना आलेली असत. आमच्या सांगलीच्या गावभागात, माझ्या घरापासून चौथ्या दाराला, असा एक ओटा अजून शिल्लक आहे. फरक इतकाच, की येथे येणारी माणसे नाडी दाखवायला स्वतःचा हात पुढे करीत नाहीत. ती आपापला संगणक पोटाशी धरून येतात.

त्या ओट्याच्या धन्याला सारी गल्ली अण्णा म्हणते. अण्णांचे वडील रेडिओ दुरुस्त करीत. अण्णांनी टीव्हीपासून सुरुवात केली, आणि टीव्ही पाटासारखे सपाट होऊन भिंतीला चिकटू लागले तेव्हा ते संगणकाकडे वळले. दुकान असे त्यांनी कधी थाटले नाही. घराचा सोपा हाच त्यांचा दवाखाना. एका कोपऱ्यात देव्हारा, दुसऱ्या कोपऱ्यात पोट उघडून ठेवलेली चार-पाच यंत्रे, आणि मध्ये, हंगाम असेल त्याप्रमाणे, वहिनींचे सांडगे नाहीतर शेवया. हत्यारे म्हणाल तर स्क्रू ड्रायव्हरांची एक पुरचुंडी, धूळ झाडायला रंगाऱ्याचा ब्रश, आणि स्वतःचे कान. होय, अण्णा यंत्राला कान लावतात. "आधी ऐकायचं, मग उघडायचं," हे त्यांनी वडिलांकडून उचललेले सूत्र.

ओट्याच्या भिंतीवर एक फळा आहे. तो आमच्या शाळेने मोडीत काढला होता. मी शब्द टाकून तो अण्णांना मिळवून दिला. दर सोमवारी अण्णा त्याच्यावर खडूने दोन गोष्टी लिहितात: वर एक बातमी, खाली एक सूचना. मंडईला निघालेली माणसे पिशव्या सावरीत ते वाचतात. या कारभारात माझ्याकडेही एक खाते आहे, ते ऱ्हस्वदीर्घाचे.

त्या फळ्याने आमच्या गल्लीला पुष्कळ शहाणे केले. एकदा लिहिले होते, "संगणकाची तारीख रोज मागे जात असेल तर ती करणी नव्हे. आतली रुपयाएवढी बॅटरी संपली आहे. ती बदला." ते वाचून शेजारच्या निवृत्त लेखनिकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्यांचे यंत्र रोज सकाळी वीस वर्षांनी तरुण होऊन उठत असे, आणि त्यांना त्याचा हेवा वाटू लागला होता. दुसऱ्या एका सोमवारी, "पंखा ओरडतो म्हणजे त्याचे नाक चोंदले आहे. यंत्र बंद करून धूळ काढा." आणखी एका सोमवारी, "व्हिडिओवरून अटक करण्याचा कायदा भारतात नाही. घाबरवणाऱ्याचा फोन खाली ठेवा आणि १९३० फिरवा." १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली, तेव्हा तर ओट्यावर सुतक असल्यासारखी माणसे जमली. आपला संगणक उद्या सकाळी उठणारच नाही, अशी त्यांची समजूत. अण्णांनी फळ्यावर लिहिले, "घर पडणार नाही. पण दाराची कडी मोडली तर आता सुतार येणार नाही. हळूहळू दुसरी सोय पाहा."

या सगळ्या सूचनांत एक सूचना अशी होती, की ती दर दोन महिन्यांनी हटकून परत येई: "प्रती तीन ठेवा. एक यंत्रात, एक कपाटात, एक परगावी." मूळची ती दोनच प्रतींची होती. पुढे ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णा गावभागात शिरली. अण्णांच्या सोप्यात पुरुषभर पाणी चढले, आणि यंत्रातली प्रत आणि कपाटातली प्रत एकाच गाळात सापडल्या. पाणी ओसरल्यावर लोक चिखलाने भरलेली यंत्रे घेऊन ओट्यावर आले, तेव्हा अण्णांनी आधी फळा धुतला आणि लिहिले, "भिजलेले यंत्र चालू करून पाहू नका." यंत्र पाण्याने मरत नाही, माणसाच्या घाईने मरते, असे ते म्हणत. ओल्या अंगात वीज सोडली की संपले. त्याच दिवशी सूचनेत "एक परगावी" हे शब्द वाढले. अण्णांची तिसरी प्रत तेव्हापासून त्यांच्या मुलीकडे पुण्याला असते.

हे सर्व मी वाचत होतो, शुद्ध करीत होतो, आणि माझ्या स्वतःच्या घरी त्यातले काहीएक करीत नव्हतो. शिक्षकाचा हा जुना रोग आहे. एखादी गोष्ट फळ्यावर आली म्हणजे ती आचरणात आली, असे त्याला वाटते.

तो शुक्रवार होता, १९ जुलै २०२४. शाळेतून घरी आलो तो बातम्या चालू होत्या. एका सुरक्षा कंपनीने आपल्या गिऱ्हाइकांच्या संगणकांना एक सदोष दुरुस्ती पाठवली, आणि जगभरात सुमारे ८५ लाख यंत्रे निळीठिक्कर पडली. विमाने खोळंबली, इस्पितळांची कामे अडली, आणि आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास देण्याची वेळ आली. हाताने लिहिण्याला पुन्हा चांगले दिवस आले, असा विनोद करून मी लिहायला बसलो. तीन वर्षे चाललेल्या कादंबरीचे शेवटून दुसरे प्रकरण मला त्या रात्री संपवायचे होते. बटण दाबले. पडदा काळा. आतून बारीक आवाज येत होता: टक्, टक्, टक्.

खोटे कशाला सांगू? माझ्या मनात भीतीच्या आधी अभिमान आला. केवढे जागतिक संकट, आणि ते गावभागापर्यंत, माझ्या टेबलापर्यंत पोचले! यंत्र उचलले आणि अण्णांचा ओटा गाठला.

अण्णांनी कान लावला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

"मास्तर, तो आजार मोठ्या कचेऱ्यांचा. ते औषध तुमच्या यंत्राला कधी पाजलंच नव्हतं, मग बाधणार कुठून? हे म्हातारपण आहे."

"माझं?"

"तुमच्या डिस्कचं."

मग त्यांनी मला समजावून सांगितले. ही हार्ड डिस्क म्हणजे आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या. त्या मिनिटाला ५,४०० वेळा फिरतात. त्यांच्यावरून एक वाचणारा दांडा फिरतो, पण तो तबकडीला शिवत नाही. दोघांमधली फट केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी लहान. "आमच्या वडिलांच्या वेळी ग्रामोफोन होता," अण्णा म्हणाले. "त्याची सुई तबकडीला टेकली की गाणं सुरू होई. इथं टेकली की गाणं संपलं." आयबीएमने १९५६ साली अशी पहिली डिस्क काढली, तेव्हा तिच्यात दोन-दोन फूट रुंदीच्या ५० तबकड्या होत्या, यंत्राचे वजन टनाच्या घरात होते, आणि मावत होती ५० लाख अक्षरे, हेही त्यांनी सांगितले. मी मनात हिशेब केला. माझ्या दहा कादंबऱ्या मावल्या असत्या. आत्ता मला एकच हवी होती.

"दोन मार्ग आहेत," अण्णा म्हणाले. "मुंबई-पुण्याला प्रयोगशाळा आहेत. धुळीचा कण नसलेल्या खोलीत डिस्क उघडतात. खर्च पाच आकडी. नाहीतर मी ती माझ्या यंत्राला जोडतो. वाचता येईल ते वाचत, अडेल ते सोडत पुढं जायचं. पण हिचा श्वास किती उरलाय, ते मला सांगता येणार नाही."

खर्चाचा आकडा ऐकून मी गप्प बसलो. कादंबरीचे मानधन किती मिळते, ते मला ठाऊक होते.

"मग माझ्याच हातून करायचं असेल तर एक गोष्ट नीट विचार करून सांगा," ते म्हणाले. "ज्याची दुसरी प्रत कुठेच नाही, ते आधी सांगा. मी त्याला पहिला हात घालतो."

मी विचार केला नाही. मी म्हणालो, "लेखन. 'लेखन' नावाचं आख्खं फोल्डर."

माझ्यामागोमाग पत्नी आली होती. ती हळूच म्हणाली, "अहो, आईंच्या ओव्या?"

"त्या काय, होतीलच मागाहून," मी म्हणालो.

त्या ओव्यांविषयी मला येथे सांगितले पाहिजे. २०१३ च्या दिवाळीच्या सुटीत मी तासगावजवळच्या आमच्या गावी गेलो होतो. माझी आई पहाटे जात्यावर बसून वाढलेली बाई. शाळा तिला ठाऊक नव्हती. पण पंढरीच्या, माहेरच्या, भावाच्या, लेकीच्या ओव्या तिच्या तोंडून अशा येत, की कोठे थांबायचे ते जात्यातले दाणेच ठरवीत. मी फोन तिच्यासमोर ठेवून म्हणालो, "आई, म्हण." ती हसली. "रिकाम्या हातानं ओवी कशी येईल रे?" म्हणाली, आणि तिने खरोखरीच माळ्यावरचे जाते काढायला लावले, ज्वारी घेतली, खुंटा धरला, आणि मग म्हटल्या. त्या सुटीत १४ वेळा मी तिचा आवाज टिपला. प्रत्येकात खाली जात्याची घरघर आहे. २०१६ मध्ये आई गेली. तो फोनही पुढे मोडीत गेला. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी वर्षानुवर्षे खेडोपाडी फिरून लाखावर जात्यावरच्या ओव्या जमवल्या. माझ्या आईकडे तिचा मुलगाच गेला होता, आणि त्याने एकच प्रत ठेवली होती.

शनिवारी सकाळपासून अण्णांचे काम सुरू झाले. मी दर तासाला जाऊन येत होतो. डिस्क थोडे वाची, अडे, टक्-टक् करी, पुन्हा वाची. 'लेखन' हे फोल्डर मला वाटले होते तेवढे लहान नव्हते. नुसती कादंबरी क्षणात आली असती. पण "आख्खं" म्हणालो ना मी! त्यात कादंबरीचे "अंतिम", "अंतिम नवी" आणि "खरी अंतिम" असे तीन अवतार होते. गेल्या वीस वर्षांतल्या माझ्या हस्तलिखित वह्यांची पानापानाची छायाचित्रे होती. शाळेच्या स्नेहसंमेलनातली भाषणे होती. युनिकोड आमच्याकडे रुळण्यापूर्वीच्या एका फॉन्टमध्ये लिहिलेल्या कथा होत्या. त्या काळी प्रत्येक फॉन्टचा हिशेब वेगळा, त्यामुळे आता त्या उघडल्या तर मराठीऐवजी नुसता चिन्हांचा चिवडा दिसतो. म्हणजे मलासुद्धा न वाचता येणारे माझे साहित्य ती मरणोन्मुख डिस्क धापा टाकीत वाचत होती.

वाट पाहताना माणूस मोठ्यांची उदाहरणे आठवतो. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' पेन्सिलीने वह्यांवर लिहिले. १९१४ मध्ये सुटका झाली, तेव्हा वह्या सरकारने ठेवून घेतल्या. त्या परत मिळतील की नाही अशी चिंता मंडळी करू लागली, तर टिळक म्हणाले की वह्या सरकारजवळ असल्या तरी ग्रंथ माझ्या डोक्यात आहे, पुन्हा लिहून काढीन. वह्या परत आल्या आणि १९१५ मध्ये ग्रंथ निघाला. मी ओट्यावर बसून माझ्या कादंबरीचे चौथे प्रकरण आठवून पाहिले. त्यातल्या नायिकेच्या मामाचे नावसुद्धा मला आठवेना.

रविवारी गुरुपौर्णिमा होती. शाळेतली दोन-चार जुनी मुले गुलाबाचे फूल घेऊन येऊन गेली. दुपारी साडेचारला अण्णांचा निरोप आला: लेखन आले, सगळे आले. मी जवळजवळ धावतच गेलो. पडद्यावर "खरी अंतिम" उघडून पाहिली. शेवटून दुसरे प्रकरण जेथे सोडले होते तेथेच होते. मी अण्णांना पेढा दिला. अण्णांनी तो देवापुढे ठेवला आणि म्हणाले, "आता 'आई'."

पहिल्या ओव्या आल्या. दुसऱ्या आल्या. आठव्या येईपर्यंत दिवेलागण झाली. नवव्या वेळी डिस्क मोठ्याने टक् म्हणाली, मग एक घासल्यासारखा आवाज आला, आणि सोपा एकदम शांत झाला. अण्णांनी कान लावला. मग त्यांनी तार काढली, डिस्क दोन्ही हातांनी उचलली आणि वहिनींनी वाळत घातलेल्या सांडग्यांशेजारी एका स्वच्छ फडक्यावर ठेवली.

मग मी पाच आकडी खर्चालाही तयार झालो. डिस्क मुंबईला पाठवली. तीन आठवड्यांनी ती परत आली. तबकडीवर ओरखडे पडले आहेत, काही काढता येणार नाही, असे बरोबरच्या कागदावर होते. १४ पैकी ८ आल्या, ६ राहिल्या.

पण मला खरे कळले ते त्याच्या आधीच. गुरुपौर्णिमेनंतर चारच दिवसांनी पुण्याच्या एका मित्राचा फोन आला. "तुझी कादंबरी वाचून होत आली," तो म्हणाला. "दहाव्या प्रकरणापासून रंगते." मी विचारले, "कुठली कादंबरी?" तर मे महिन्यात मीच त्याला तोपर्यंतचे सारे हस्तलिखित ईमेलने पाठवले होते, आणि विसरून गेलो होतो. पुढची दोन प्रकरणे मी आधी वहीत लिहिली होती. ती वही टेबलाच्या खणात होती. ज्या वह्यांची छायाचित्रे शनिवारभर निघत होती, त्या वह्याही माळ्यावरच्या ट्रंकेत जशाच्या तशा होत्या. 'लेखन' या फोल्डरातल्या बहुतेक कागदाची कोठे ना कोठे दुसरी प्रत होती. नव्हती ती फक्त 'आई'ची. अण्णांनी मला नेमका प्रश्न विचारला होता, आणि मी दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर दिले होते. सर्वांत अनमोल काय, असे त्यांनी विचारलेच नव्हते. विचारले असते तरी त्या शुक्रवारी मी काय सांगितले असते, याचा मी आता विचार करीत नाही.

पत्नी या विषयावर मला कधी एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

अण्णांनी कामाचे पैसे घेतले नाहीत. फक्त नव्या डिस्कचे घेतले. नवीत फिरणारे काहीच नसते. "ही टक्-टक् करायची नाही," ते म्हणाले. "म्हणजे चांगलंच की," मी म्हणालो. "चांगलंच. पण जाताना सांगूनही जायची नाही." पुढच्या सोमवारी मंडईला जाताना मी सवयीने फळ्यापाशी थांबलो. बातमीची जागा कोरी होती. खाली लिहिले होते, "आधी ते काढा, ज्याची दुसरी प्रत नाही." नाव कोणाचे नव्हते. मी एकदा वाचले, पुन्हा वाचले. शुद्धलेखनाची चूक एकही नव्हती.

त्या वर्षी भाऊबीज ३ नोव्हेंबरला होती. माझी थोरली बहीण, अक्का, मिरजेहून आली. ओवाळून झाले, फराळ झाला, आणि मग मी तिला सगळे सांगितले. तिच्यापासून ते लपवावे असेही मनात येऊन गेले होते. अक्का रागावली नाही. तिने विचारले, "कोणत्या गेल्या?" प्रत्येक वेळी आईने कशाच्या ओव्या म्हटल्या, ते मी वहीत टिपून ठेवले होते. मी यादी वाचली. अक्का ऐकत राहिली आणि माझ्या पत्नीला म्हणाली, "तुझ्याकडे जातं आहे का गं?"

आमच्याकडे डाळ भरडायचे एक लहानसे जाते आहे. ते आले. मूठभर हरभऱ्याची डाळ आली. अक्काने पदर खोचला आणि खुंटा धरला. तिने आजवर आमच्यादेखत कधी ओवी म्हटली नव्हती. सासरी गिरणी होती, आणि म्हणायला लाज वाटायची, असे ती म्हणाली. पण लहानपणी पहाटेच्या झोपेत, आईच्या मांडीवर डोके ठेवून तिने जे ऐकले, ते सगळे तिच्याजवळ होते. मी फोन समोर ठेवला. तिचा आवाज आईसारखा नाही. आईचा जाड होता, अक्काचा चिरका आहे. मात्र ओवीच्या शेवटी आई जेथे श्वास सोडी, तेथेच अक्काने सोडला. घरातली मुले फटाके टाकून दाराशी येऊन उभी राहिली.

सहांपैकी पाच पुऱ्या झाल्या. सहाव्या वेळी, माहेरच्या ओव्यांत, एका ठिकाणी अक्का अडली. "इथं आई काहीतरी म्हणायची," ती म्हणाली. "दोनच शब्द होते." तिने मागची ओळ पुन्हा म्हटली, पुन्हा तेथेच आली, आणि पुन्हा अडली. हात मात्र तिने थांबवला नाही. डाळ संपली होती तरी जाते फिरत होते.

मी फोन बंद केला नाही. तीन प्रती केल्या आहेत: एक यंत्रात, एक कपाटात, एक मिरजेला अक्काकडे. तिन्हींत त्या दोन शब्दांच्या जागी नुसती जात्याची घरघर आहे.